बंकटच्या डोस्क्याचा पंचनामा

बसा सायेब, औरंगाबादची गाडी धारूरला यायला अजून पाऊण तास हाय. केस लावायला चाललाव म्हन्ता, तर आमच्या बंकटची गोष्ट ऐकून जा. पोट धरून हसताल, आन डोस्क्याला हात बी लावताल.

बंकट आमच्या गावच्या दूध सोसायटीचा चेअरमन. तीन वर्सं पाऊस न्हाई. निम्मी जनावरं छावणीत, दूध चाळीस लिटरावर आलेलं. तरी बी बंकटनं सेंटर एक दिवस बंद ठिवलं न्हाई. बोर्डातल्या शहादेवला मात्र सेंटर मोडून खाजगी डेरीची गाडी गावात आणायचीय.

भर सभेत शहादेव उठला आन म्हणला, "ज्याच्या सोताच्या डोस्क्यावर काय उगवंना, त्यो गावाचं काय भलं करनार?"

लोक हसले. बंकट पस्तिशीतच टकला झालेला, त्याला लई लागलं. सहा महिन्यात केस दावतो, न्हाईतर राजीनामा, आसं बोलून बसला. सेक्रेटरीनं तिथंच ठराव लिहिला. सूचक शहादेव, अनुमोदक बी शहादेवच.

औरंगाबादला केस लावायच्या दवाखान्यात मी संगं गेलतो. डॉक्टर भला माणूस. बंकटनं आधी इचारलं, आमचे दीडशे सभासद हायत, हरेकानं धा-धा केस दिले तर भागंल का? डॉक्टर म्हणला, दुसऱ्याचं लागत न्हाई, तुमच्याच मागच्या बाजूचं काढून फुडं लावायचं. म्हंजे बियाणं घरचंच. मागं नसंल तर फुडं बी न्हाई. मग पाच पानी विंग्रजी कागद दिला. घरी न्या, कुनाकडून तरी वाचून घ्या, मगच सही करा म्हणला. पण बंकट पडला सोसायटीचा माणूस. कागद फुडं आला की सही. आठ वर्सांत एक बी वाचलेला न्हाई.

सकाळपासून दिवस मावळंस्तोवर एक-एक केस रोप लावावं तसा लावला. तिसऱ्या दिवशी बंकट गावात आला तर कपाळाची सूज डोळ्यावर उतरलेली. दर अर्ध्या तासानं डोस्क्यावर मिठाचं पाणी फवारायचं, टोपी घालायची न्हाई, उन्हात जायचं न्हाई, तंबाखू बंद. आन गावात टँकर आठ दिवसाला एक. बाया म्हणल्या, आमी प्यायला भांडतोत आन ह्यो डोस्कं भिजवतो. तवा त्याची माय भिवराबाई म्हणली, "माझ्या वाट्याचं पानी हाय. मी आंघोळ करीत न्हाई."

फुडं लोकच दिवसातून दोनदा डोस्कं बघायला येऊ लागले. साऱ्या शिवारात उभं पीक तेवढंच व्हतं.

तिसऱ्या आठवड्यात सारं गळालं. उशी काळी, डोस्कं मोकळं. बंकट भिताडाकडं तोंड करून बसला. सत्तारभाई आमचे रिटायर कोतवाल, तीन दुष्काळाचे पंचनामे त्यांच्या हातचे. ते म्हणले, रडून काय व्हतंय, पंचनामा करून ठिवा, वरून काय आलं तर हक्क ऱ्हाईल. बंकटला उत्तरंकडं तोंड करून पाटावर बसवलं. चतुःसीमा लिहिली. पूर्वेस उजवा कान, पश्चिमेस डावा कान, उत्तरेस कपाळ, दक्षिणेस मान. पीक, केस. नुकसान, शंभर टक्के. खाली पाच पंच. त्यातला दुसरा अंगठा माझा हाय सायेब, खोटं कावून बोलू.

चौथ्या महिन्यात डोस्क्यावर बारीक लव दिसाया लागली. पाचव्यात तर चिमटीत धरता येतंय का म्हणून बंकट दिसभर चाचपू लागला. त्याची भाची अंजना अंबाजोगाईला नर्शिंग शिकती, तिनं पेटीतून त्यो कागद काढून वाचला. तिसऱ्या पानावर छापलेलंच की, लावलेले केस म्हैन्याभरात गळत्यात, मूळ आत ऱ्हातं, तीन-चार म्हैन्यानं फुटतं, पुरं यायला वरीस लागतं.

बंकट डोस्कं उघडं घेऊन बोर्डाफुडं गेला. शहादेवनं पंचनामा काढला.

"शंभर टक्के गेलेल्या रानात मागून जे उगवतं, त्याला आमी तण म्हन्तो," त्यो म्हणला.

आन बोर्डानं पंचनामाच खरा धरला. पाचातले तीन अंगठे तिथंच बसलेले. मी म्हणलं, माझा अंगठा मागं घेतो. सत्तारभाई म्हणले, उठलेला अंगठा मागं येत न्हाई बे, कागद कागदानंच कटतो. अंजनाचा कागद दावला तर म्हन्त्यात, विंग्रजीत हाय, आन सही बंकटचीच हाय.

शुक्रवारी सकाळी अकराला सभा, सहा म्हैने त्याच दिशी भरत्यात. ठरावापरमानं बंकट गेला की सोमवारी सेंटरला कुलूप.

तुमी त्याच डॉक्टरकडं चाललाव. तेवढ्या दोन वळी मराठीत लिहून आणा, गळाले म्हंजे मेले न्हाईत म्हणून, खाली गोल शिक्का. बेस्तरवारी मी हितंच गाडीपाशी उभा ऱ्हातो. डोळे सुजून मिटले आसले तर बोलू बी नका, वरच्या खिशात ठिवा, मी काढून घेतो.