कवचाखालचे हाड

१९८७ सालच्या पोळ्याला आमच्या गावी एक न्यायनिवाडा झाला. माझा धाकटा भाऊ भिकन याचा बैल सरपंच आधार पाटलांच्या बैलाआधी तोरणाखालून गेला होता. आम्ही बौद्ध; मानाचे हे शास्त्र आम्हांस मुखोद्गत असावे अशी अपेक्षा होती. शिक्षा बैलाला फर्मावली गेली: दोन्ही शिंगे बुडापासून कापावीत.

पाटलांच्या अंगणात करवत धरलेले गडी कचरले. त्यांचा संकोच पाटलांच्या मुलाने, वाल्मीकने, दूर केला. मी धुळ्याच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचो आणि तो माझाच विद्यार्थी होता.

"कापा बिनधास्त! शिंग म्हंजे नखच, मरेल; त्यामा जीव नही. सरच शिकाडतस."

शिकवले होते खरे. केस, नखे, पिसे, शिंगाचे कवच हे सारे एकाच चिवट प्रथिनाचे, केराटिनचे. त्यात जीव नसतो. मात्र कवचाखाली रक्ताने भरलेले जिवंत हाड असते, हे मी तासाच्या उत्तरार्धात सांगितले. पाटीलपुत्र पूर्वार्धानंतरच चहाला गेले होते.

मी धावत पोचलो तेव्हा डावे शिंग मातीत पडले होते आणि बुडातून उडणारी चिळकांडी भिकनच्या तोंडावर येत होती. तेवढ्यात बैलाने दोर तोडले. उरलेले शिंग वाल्मीकच्या जांघेत शिरले आणि मांस फाडत बाहेर आले.

मी गुडघे टेकून वाल्मीकच्या जखमेत अंगठा घातला, धमनी हाडावर दाबली. रक्त थांबले. पाटलांनी कुऱ्हाड उचलली. भिकनने बैलाच्या गळ्याला मिठी मारली.

"बाजू हो रे! मुडदा पाडसू त्याना!"

"पाटील," मी म्हणालो, "कुऱ्हाड चालली की माझा अंगठा निघेल."

"मास्तर, तुना विद्यार्थी शे तो!"

"म्हणून तर इतका वेळ दाबून धरलाय."

"आबा, ठेवा ती," वाल्मीक पुटपुटला.

कुऱ्हाड मातीत पडली.

"आता कोयता तापवा. बैलाचे रक्त बंद झाले की ट्रॅक्टर भडगावच्या दवाखान्याला निघेल."

"आधी मना पोऱ्या, सर! मरी जाई तो!"

"आधी बैल."

वाल्मीकची आई मंदाबाई आत गेली. चुलीवरचे पुरणाच्या मांड्यांचे खापर उतरवून तिने कोयता जाळात खुपसला आणि लाल झाल्यावर स्वतः आणून भिकनच्या हाती दिला. बैलाचे डोके धरायला माणूस हवा होता. मी पाटलांकडे पाहिले. त्यांनी धरले.

लोखंड टेकताच बैल त्यांच्या छातीवर हंबरला. रक्त बुडाशी उकळले.

"अजून एकदा," मी म्हणालो.

वाल्मीकची शुद्ध हरपली. ट्रॅक्टरवाला माझ्या तोंडाकडे बघत होता. मी भिकनकडे बघत राहिलो. बैलाचे रक्त थांबल्याचे पाहून त्याने होकारार्थी मान हलवली, तेव्हाच ट्रॅक्टर सुरू झाला.