ईश्वरदास हवालदाराचा पाय

ईश्वरदास हवालदाराच्या तेरवीची पंगत अजून बसायची होती, तोवर मांडवात त्याच्या पायावरून गप्पांना ऊत आला होता. माणसाच्या मनात काय होतं ते मेल्यावर कुणी विचारत नाही. पाय मात्र सगळ्यांनी पाहिलेला असतो. उजव्या पायाचा अर्धा पंजा नव्हता. तो पंजा सीमेवरच्या लढाईत गेला, हे आमगावजवळच्या त्या खेड्याला पाठ होतं.

माजी सैनिकांच्या तालुका संघटनेचे चंद्रकुमार उन्हात कोट घालून आले होते. ग्रामपंचायतीसमोर हवालदाराच्या नावाची संगमरवरी पाटी बसवायचं ठरलं होतं आणि नावाखाली एक ओळ हवी होती.

"भाभीजी, 'सीमेवर लढताना जखमी' असा टाकून राहिलो. तुमी हो म्हना, बस."

हवालदाराच्या बायकोनं, निर्मलाबाईंनी, डोक्यावरचा पदर सारखा केला, पण हो म्हटलं नाही.

खरं काय ते त्यांना ठाऊक होतं. पुष्कळ वर्षांपूर्वी जबलपूरच्या फौजी क्वार्टरातून सुट्टीवर येताना हे कुटुंब छोट्या लाईनच्या, म्हणजे नॅरोगेजच्या, गाडीत बसलं होतं. ती गाडी म्हणजे रुसलेला जावई, पावलागणिक थांबायची. चढावर तर इतकी रेंगाळे की लोक खाली उतरून बाजूची बोरं तोडत आणि पुन्हा चढून बसत. ईश्वरदासही हा उद्योग हौसेनं करायचा आणि डब्यातली पोरं टाळ्या पिटायची. त्या दिवशी बापाचं पाहून पाच वर्षांचा भुपेंद्र एकटाच उतरला. नेमका चढ संपला आणि गाडीनं वेग घेतला. पोरगं रडत पायरीला लोंबकळू लागलं. बापानं उडी मारून त्याला आत ढकललं आणि त्याचा स्वतःचा पाय चाकाखाली गेला.

दवाखान्यात शुद्धीवर आल्यावर तो बायकोला पहिलं वाक्य हेच बोलला होता, "गावात सांगजो, बॉर्डरवर लागला. नाही त लोक या पोराले जलमभर म्हनतीन, यानं बापाचा पाय खाल्ला."

आयुष्यात तो एवढंच खोटं बोलला, आणि तेही त्याला नीट जमलं नाही. पोरांनी लढाईची गोष्ट मागितली की बैलाला पाणी दाखवायला उठून जायचा. झेंडावंदनाला मानाच्या खुर्चीवर बसवू लागले की मागच्या रांगेत जाऊन उभा राहायचा. त्याला शूर म्हटलेलं सोसत नसे. घरात मात्र तो राजा होता, आणि राजा कसला, गडीच म्हणा. गुंजनच्या, म्हणजे लेकीच्या, वेण्या घालायचा. भुपेंद्रला सायकल शिकवताना त्या अर्ध्या पायानं सायकलीमागं गावभर धावला होता. निर्मलाबाईंचा त्याच्यावर फार जीव होता, आणि त्याच्या नावाखाली दगडावर खोटं कोरायचं त्यांच्या जिवावर आलं होतं. पण नाही म्हणावं, तर कारण सांगावं लागणार, तेही भुपेंद्रच्या देखत. इकडे आड, तिकडे विहीर.

"ते लिहू नोका," शेवटी त्या म्हणाल्या.

"काऊन जी?" चंद्रकुमार चकित झाले. "एवढी इज्जतीची गोष्ट!"

मांडवातल्या सगळ्या माना वळल्या. 

भुपेंद्र पंगतीसाठी पत्रावळी मांडत होता. गोंदियात तांदळाचा व्यापार करणारा, डोक्याला टक्कल पडलेला बाप्या माणूस. त्यानं पत्रावळी खाली ठेवल्या.

"पाटीवर फक्त नाव राहू द्या, काकाजी. बॉर्डर-फॉर्डर काही नाही. छोट्या लाईनच्या गाडीखाली गेल्ता त्याहीचा पाय. मी बोरा तोडाले उतरलो होतो."

चंद्रकुमारांनी कोटाची बटणं उगाच चाचपली. निर्मलाबाई लेकाकडे पाहत राहिल्या.

"तुले आठवते?"

"सारा आठवते, माय."

"मंग बाबूजीले कधी सांगतला काऊन नाही? बिचारा मरेपर्यंत लपवत राहिला."

"कसा सांगू? मले मालूम नाही, याच भरोशावर त्याहीले झोप लागे."