पहिल्याच हाकेला

उज्ज्वलाला डोंगर चढायचा धाक नव्हता, उतरायचा होता. चढताना दम लागतो एवढंच. उतरताना उजव्या घोट्यात ऑपरेशन करून बसवलेली धातूची पट्टी पावलागणिक टोचते. ती बसून दीड वर्ष झालं होतं. आर्णी रोडवर रजतनं गतिरोधकावरून मोटारसायकल तशीच भरधाव घातली आणि मागं बसलेली ती उडून पडली. रजत हा किस्सा मोठ्या रंगात सांगायचा. बायको पडल्याचं आपल्याला पार पेट्रोल पंपावर गेल्यावर कळलं, असं तो म्हणायचा आणि लोक हसायचे. उज्ज्वलाही हसायची. न हसली तर घरी गेल्यावर तो आठ-आठ दिवस तिच्याशी एक शब्द बोलत नसे. ताट समोर ठेवलं तरी उचलून बाजूला सारायचा आणि स्वतः पोहे करून खायचा.

पुसदला त्याचे भूगोलाचे क्लास होते. दर दुसऱ्या रविवारी तो पंधरा-वीस जणांना घेऊन डोंगर फिरायला निघायचा. वकील, दुकानदार, मास्तर, दोन-तीन बाया. त्यात सुरभी होती, उज्ज्वलाच्याच गल्लीतली, बँकेत कामाला. खांबाच्या डोंगरावरची वाट रजतनंच आखली होती. परवानगी काढून वळणावळणावर लोखंडी खांब रोवले होते आणि त्यांवर पिवळ्या बाणाच्या पत्र्याच्या पाट्या ठोकल्या होत्या. ही वाट म्हणजे आपलं लेकरू आहे, असं तो म्हणायचा.

जानेवारीतल्या त्या रविवारी उज्ज्वलाला यायचंच नव्हतं. पण डोंगराच्या पलीकडच्या पायथ्याला तिचा तांडा होता, आई-बाप होते. उतरल्यावर तासभर त्यांना भेटून येता येईल, असं तिनं आदल्या दिवशी विचारलं. रजत हो म्हणाला. सकाळी बसमध्ये सगळ्यांसमोर तो म्हणाला, ही सहल आहे, माहेरपण नाही. बस सरळ पुसदला येईल. आणि तिच्या हातातली पाण्याची बाटली काढून स्वतःच्या पिशवीत टाकली. तिला ओझं नको, असं म्हणून.

वाट सागातून वर जात होती. पानं वाळून तांबडी झाली होती, पायाखाली पापडासारखी मोडायची. मधूनमधून उघडा काळा खडक, मग पुन्हा साग, सालई, तेंदू. माथ्याजवळ कड्याला सहा कोनांचे काळे दगडी खांब होते, लाकडाची मोळी उभी करून ठेवावी तसे एकाला एक चिकटून. इथं कोट्यवधी वर्षांपूर्वी तापलेला रस वाहिला आणि थिजताना असा तडकला, हे रजतनं छान समजावून सांगितलं. तो शिकवायचा मात्र छान. उज्ज्वला तिथं पोचली तेव्हा त्याचं सांगून झालं होतं आणि लोक उठत होते. तिनं पाणी मागितलं. पुढच्या थांब्यावर देतो, तोवर चालत राहा, बसलीस तर पाय आखडेल, असं सांगून तो निघाला. सुरभीनं एकदा मागं वळून पाहिलं, मग तीही निघाली.

पुढं वाट फुटत होती. एक फाटा माथ्यावरून सरळ, दुसरा डावीकडं उताराला. उज्ज्वला दहा मिनिटांनी तिथं आली तेव्हा पिवळा बाण डावीकडं होता. पुढं कुणाचा आवाज येत नव्हता. तिला वाटलं, बरेच लांब गेले असतील. ती डावीकडं उतरली.

वाट आधी गुरांची झाली, मग नुसती घसरण झाली. नाल्यात उतरताना ती दोनदा बसली, एकदा पडली. तळहात सोलला. मोबाईलला रेंज नव्हती. परत चढावं तर घोटा टेकवेना. नाल्यानं खाली गेलं की कुठंतरी शेत लागेल, एवढं तिला लहानपणापासून ठाऊक होतं. तहानेनं जीभ टाळूला चिकटली होती. तासाभरानं नाला वळून त्याच काळ्या खांबांच्या कड्याखाली आला आणि खरंच तुरीचं शेत लागलं, आणि बांधावर मचाणीखाली एक बाई चुलीवर काहीतरी उकडत बसलेली दिसली.

बाईचं नाव जमनी. जवळच्या पोडावरची, कोलामांच्या वस्तीवरची होती. तूर काढणीला आलेली, रोही आणि डुकरं शेतात घुसू नयेत म्हणून राखणीला बसली होती. तिनं आधी मडक्यातलं पाणी दिलं, मग तुरीच्या उकडलेल्या शेंगा आणि अर्धी भाकर पुढं ठेवली. उज्ज्वला खाऊ लागली आणि तेवढ्यात वरून हाक आली.

आवाज रजतचा होता. गोड, लांबवलेला, चारचौघांत काढायचा तो. मॅडम कुठवर पोचल्या, अशी विचारणा होती आणि मागं बरेच जण हसत होते. उज्ज्वलाचा हात शेंगेवरच थांबला.

"तुलेच बलावून राह्यले ना?" जमनीनं विचारलं.

"नाही," उज्ज्वला म्हणाली. "दुसरी कोनी असन."

हे ती कसं बोलली, तिचं तिलाच कळलं नाही. पण बोलून गेल्यावर बरं वाटलं. तिनं शेंग सोलली, दाणे तोंडात टाकले. वर हाका चालूच होत्या. हळूहळू हसणं थांबलं. मग नुसतं नाव, उज्ज्वला, उज्ज्वला, वेगवेगळ्या आवाजांत. सुरभीचा आवाज रडवेला झाला होता. रजतचा आवाज फाटला. लग्नाच्या सहा वर्षांत त्याचा असा आवाज तिनं ऐकला नव्हता, आणि तो तिला ऐकतच राहावासा वाटला. नुसतं "ओ" म्हटलं असतं तरी पुरलं असतं. कडा तिथून उंच नव्हता. ती म्हणाली नाही. फिरू दे, तिच्या मनात आलं, काट्यांतून फिरू दे, घसा कोरडा पडू दे, पाण्याची बाटली आहेच त्याच्याजवळ. जमनी तिच्या तोंडाकडं पाहत होती.

दीडेक तासानं हाका थांबल्या. वर माथ्यावर रेंज होती. तिथून रजतनं सासऱ्याला फोन लावला आणि सांगितलं, तुमची पोरगी रुसून सगळ्यांना सोडून निघून गेली, तांड्यावर आली का पाहा.

धनसिंग साठीचा होता. एका डोळ्यात मोतीबिंदू उतरला होता, शस्त्रक्रिया होळीनंतर करायची ठरली होती. फोन ठेवला आणि तो तसाच वहाणा घालून निघाला. उज्ज्वलाच्या आईनं, हंसाबाईनं, गाडीवाला कुणी मिळतो का पाहते म्हटलं, तेवढंही थांबला नाही. तांड्याच्या बाजूनं डोंगराची पायवाट त्याला पाठ होती.

ऊन कलतं झालं होतं. घोट्याला फडकं गुंडाळून उज्ज्वला उठत होती. जमनी तिला पोडापर्यंत नेणार होती. तेवढ्यात कड्यावरून एक हाक आली. बकऱ्या वळवताना तांड्यातली माणसं मारतात तशी, शेवट वर उचललेली.

"ए उजूऽऽ"

"बाऽऽ" ती ओरडली. श्वास घ्यायलाही थांबली नाही. "बा, मी अठी हावो. खाली. शेतात."

कड्यावर पांढरं धोतर दिसलं. वाट उजवीकडून वळसा घालून येत होती, पण धनसिंग वाटेनं आला नाही. आवाज जिथून आला तिकडं सरळ निघाला, त्या काळ्या खांबांवरून, पायऱ्या उतरावं तसा. तिसऱ्या का चौथ्या खांबाला धोंडा निसटला. आधी दगडांचा आवाज आला, मग माणसाचा.

उज्ज्वला त्या घोट्यानं कशी चढली, जमनीलाही सांगता आलं नाही. धनसिंग खांबांच्या पायथ्याशी आडवा पडला होता. डावा पाय नको तिकडं वळला होता. शुद्ध होती. तिला पाहून तो हसला.

"एकाच हाकेत ओ देल्ली," तो म्हणाला.

पोडावरच्या चौघांनी बाज आणली. आवाज ऐकून रजत आणि इतर लोकही वळशानं खाली आले. धावपळीत जमनीनं रजतला सहज सांगितलं की तुमच्या हाका इथवर चांगल्या ऐकू येत होत्या, पण बाई म्हणाली दुसऱ्या कोणाला तरी बोलावत आहेत. रजतनं उज्ज्वलाकडं पाहिलं. बाजेचा एक खूर त्यानंच धरला आणि गाडीपर्यंत सोडला नाही.

यवतमाळला दवाखान्यात खुब्याचं ऑपरेशन झालं. आत पू झाला, पुन्हा उघडावं लागलं. महिन्यानं डॉक्टरांनी सांगितलं की हा पाय आता जमिनीला लागायचा नाही. रजत दोनदा आला. पहिल्यांदा ग्रुपमधले अकरा जण घेऊन, फुलांचा गुच्छ घेऊन. खाटेभोवती उभं राहून त्यांनी फोटो काढला. दुसऱ्यांदा एकटा आला. उज्ज्वला औषधं आणायला गेली होती तेवढ्यात त्यानं हंसाबाईला बाहेरच्या बाकावर बसवलं आणि शांतपणे सगळं सांगितलं. दीड तास आम्ही ओरडत होतो, ती खाली बसून जेवत होती. बाबांना बोलवावं लागलं ते त्यामुळं. मी तिला रागावलो नाही, रागावणारही नाही. पण तुम्हाला माहीत असावं.

त्याच आठवड्यात सुरभीनं उज्ज्वलाला एक व्हिडिओ पाठवला. खाली लिहिलं होतं, मला झोप लागत नाही. व्हिडिओत रजत फाट्यावरची पाटी खांबावर फिरवत होता. बाण डावीकडं आला तसे सगळे खुदुखुदु हसले. पाच मिनिटांत रडत परत येईल, असं रजत कॅमेऱ्याकडं पाहून म्हणाला आणि सगळे दगडांमागं लपले.

उज्ज्वलानं तो आईला दाखवला. हंसाबाईनं दोनदा पाहिला. मोबाईल परत देताना तिनं विचारलं, "हे त झालं. पन तो वरून बोंबलून राह्यला होता तवा तू काय करत होती?"

"भाकर खात होती."

हंसाबाई उठली आणि नवऱ्याचं अंथरूण झटकायला गेली. त्यानंतर ती मुलीशी कामापुरतं बोलायची. पाणी आण. त्याले उचल. हात धू. रजत कसा रागावतो, ते उज्ज्वलानं सहा वर्षं पाहिलं होतं. हे त्याहून वाईट होतं, कारण ह्यात राग नव्हता.

तांड्यावर आणल्यापासून धनसिंगकडं रोज कोणी ना कोणी यायचं. आलेल्या प्रत्येकाला तो एकच गोष्ट सांगायचा. चौदा माणसं डोंगरभर ओरडली, जावयानं घसा फोडला, कोणाला पोरगी सापडली नाही. बापानं पहिली हाक मारली आणि पोरगी बोलली. "माह्या आवाजात ताकद हाय अजून," तो म्हणायचा, आणि खाटेशी बसलेल्या उज्ज्वलाला विचारायचा, "हाय का नाही?" ती मान हलवायची. दारातून हंसाबाई बघत असायची. लोक आले की ती मुद्दाम हाक मारून उज्ज्वलाला खाटेशी बसवायची.

फाल्गुनात एका दुपारी उज्ज्वलाला ते सोसवलं नाही. घरात तिघंच होती. तिनं बापाचा हात धरला आणि सगळं सांगून टाकलं. त्या हाका आपण ऐकल्या होत्या, प्रत्येक आवाज ओळखला होता, मुद्दाम गप्प बसलो, आणि त्यात आपल्याला गोडी वाटत होती, हेही सांगितलं. तेव्हाच ओ दिली असती तर तुम्हाला फोनच आला नसता, हे मात्र तिच्यानं बोलवलं नाही. वाटलं, हे त्याचं तोच जोडेल.

धनसिंगनं आढ्याकडं पाहिलं. मोतीबिंदूच्या डोळ्यातून पाणी आलं. त्या डोळ्यातून ते तसंही यायचं. मग त्यानं तिचा हात दाबला.

"म्हंजे नवऱ्याले नाही देल्ली," तो म्हणाला. "मलेच देल्ली."

"बा, तसं नाही ते."

"तसंच हाय."

दुसऱ्या दिवशी आर्णीहून त्याचे दोन चुलतभाऊ आले. धनसिंग उशीला टेकून बसला आणि त्यानं गोष्ट सांगितली, नव्या भरीसकट. नवरा दीड तास बोंबलला, तरी पोरगी हूं की चूं बोलली नाही, आरामात भाकर खात बसली. बापाची एक हाक, आणि कशी उठून ओरडली. तो स्वतःच खूश होऊन हसला. चुलतभाऊही सवयीनं हसले, मग थांबले. थोरल्यानं चादरीखालच्या पायाकडं पाहिलं. मग धाकट्यानं पाहिलं. मग दोघांनीही उज्ज्वलाकडं पाहिलं.

"सांग त्यायले," धनसिंग म्हणाला. "खरं हाय का नाही?"

"खरं हाय," उज्ज्वला म्हणाली.

हंसाबाई चहा ठेवायला आत गेली.