भावाची गाडी काट्यावर

ज्या शेतात कापणीनंतर उरलेली धाटं जाळली, त्या शेतातला मका आमच्या कारखान्यात घ्यायचा नाही, हा नियम माझा. कल्पना सूनबाईची, पण तिच्या तोंडून कोणी ती ऐकली नसती. माझ्या तोंडून सगळे निमूट ऐकतात. आम्ही कोंबड्यांचं खाद्य बनवतो. जमिनीला दरवर्षी चटके द्यायचे आणि वर तिच्याकडूनच भरभरून मका मागायचा, हा शहाणपणा मला कधी पटला नाही. नुसत्या नियमाने कोणी सुधारत नाही हेही मला कळतं, म्हणून आम्ही धाटं बारीक करून मातीत पसरणारं यंत्र घेतलं. ट्रॅक्टरला जोडून ते पाळीपाळीने प्रत्येकाच्या शेतात फुकट पाठवायचं.

पाळ्या मीच लावल्या. धाकट्या भावाला ठेवलं सगळ्यात शेवटी. बहीण मालकीण म्हणून भावाची चांदी, असं कोणी म्हणायला नको.

त्याची गाडी वजनकाट्यावर आली तेव्हा मागे मोठी रांग होती. काटेवाला वजन घेईना, नुसता माझ्याकडे बघत राहिला. भावाच्या खालच्या शेतातला धूर आदल्या दिवशी सगळ्यांनी पाहिला होता.

"गाडी परत ने," मी म्हटलं.

"ताई, चेष्टा पुरे. ऊन चढतंय."

"जाळलंस की नाही?"

"जाळलं. पेरणी तोंडावर आली आणि तुझ्या यंत्राचा पत्ता नाही. काय करू, धाटांशी गप्पा मारत बसू?"

मागच्या गाडीतून एक जण ओरडला, "घ्या हो, घरचाच माणूस आहे! आम्ही काही बघितलं नाही!"

"आणि पुढच्या वर्षी तुम्ही पेटवाल तेव्हा मीही बघायचं नाही, असंच ना?"

रांग हसली. ओरडणाऱ्याने गपकन काच वर केली.

भाऊ हसला नाही. खाली उतरून माझ्यासमोर उभा राहिला. "मला शेवटी कोणी टाकलं, ताई? माझी कापणी सगळ्यांच्या आधी आटोपली होती. ज्यांचा मका अजून उभा होता, त्यांच्या बांधावर तुझं यंत्र जाऊन बसलं. तुला लोकांत मोठेपणा मिरवायचा होता, म्हणून माझं शेत पेटलं. आता ही गाडी परत गेली, तर मी पुन्हा तुझ्या दारात येणार नाही."

आईवडील गेल्यापासून माझं माहेर म्हणजे हा एवढा एकच माणूस. मी शेजारी उभ्या सूनबाईकडे पाहिलं.

"यंत्र खरंच रिकामं उभं होतं, आई," ती म्हणाली.

"मग तेव्हा तोंड शिवलं होतं का?"

"बोलले होते. तुम्ही म्हणालात, मला शिकवू नकोस."

म्हटलं असेन. मी तशी म्हणतेच. पण चूक दिसल्यावर मान खाली घालून बसणारी बाई मी नव्हे. चूक सरळ करायची आणि कामाला लागायचं.

"ऐका सगळे," मी आवाज चढवला. "पाळ्या लावताना मी चुकले. भावाला भाऊ म्हणून पुढे घेणं वाईट, तसंच त्याला भाऊ म्हणून मागे ढकलणंही वाईट. आजपासून ज्याची कापणी आधी, त्याची पाळी आधी. पाळ्या सूनबाई लावेल आणि मी त्यात नाक खुपसणार नाही. पण जाळलेल्या शेतातला मका या काट्यावर चढणार नाही. मी चुकले म्हणून नियम मोडत नाही."

मग भावाकडे वळले. "वरचं शेत शाबूत आहे ना?"

"आहे."

"आज यंत्र माझ्या शेतात जायचं होतं. ते तुझ्याकडे जाईल. माझी पाळी आहे, मी वाटेल त्याला देईन. वरच्या शेतातला मका आण, मी स्वतः उभी राहून घेते."

"आणि हा गाडीभर?"

"बाजारात विक. मक्याला मी कुठे नावं ठेवली? नावं तुला ठेवतेय."

त्याने गाडीचं दार उघडलं. "आई असती तर तुझा कान धरला असता."

"आधी तुझ्या हातातली काडी काढून घेतली असती, मग माझा कान."

त्याच्या ओठाचा कोपरा हलला, पण हसू त्याने गिळलं. गाडीत बसून त्याने ती मागे घ्यायला सुरुवात केली. त्याला वाट द्यायला अख्खी रांग एकेक करून मागे सरकली, काच लावून बसलेले ते गृहस्थसुद्धा. फाटकापाशी त्याने डोकं बाहेर काढलं.

"ट्रॅक्टर कधी येतोय?"

"तू घरी पोचायच्या आत. आणि संध्याकाळी जेवायला ये, नाहीतर मीच तुझ्या दारात येऊन बसेन."

"नको बाई, मीच येतो," तो म्हणाला आणि गाडी रस्त्याला लागली.