टीव्हीखालचा डबा

टीव्हीच्या खाली फळीवर जो काळा डबा आहे ना, तो मी. बोलतोय तो मीच, टीव्ही नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण या घरात काही चांगलं दिसलं की कौतुक त्या भिंतीवरच्या चपट्याचं होतं.

माझं मूळ काही थोर नाही. दातांच्या दवाखान्यात मी पेशंटचे नंबर लावायचो. आठ वर्षं लोकांचं कण्हणं ऐकलं. मग नवा कॉम्प्युटर आला आणि मला जिन्याखाली टाकलं. तिथली लिफ्ट दुरुस्त करायला आमचे मालक यायचे. त्यांचं ते नोकरीतलं शेवटचं वर्ष. टाकूनच देणार असाल तर मी नेतो, म्हणाले, आणि मला काखेत मारून घरी आले.

जेवणाच्या टेबलावर त्यांनी मला उघडलं. चार दिवस मांडीवर ताट घेऊन जेवू, असं मालकीणबाईंना सांगितलं. चाराचे चोवीस दिवस झाले. मोठी डिस्क बसवली. केबलची वायर जिच्यात खुपसायची ती ट्यूनरची पट्टी बसवली. माझा जुना पंखा इतका घरघरायचा की मालिकेतली सासू काय बोलते ते बाईंना ऐकू यायचं नाही. तो काढून मोठा, सावकाश फिरणारा पंखा घातला, खाली रबराच्या चकत्या दिल्या. शेवटी लिफ्टच्या दारांचा उरलेला रंग मला फासला.

कार्यक्रम दाखवायचा, सांगितलेल्या वेळेला टिपून ठेवायचा, मागाल तेव्हा पुन्हा दाखवायचा, हे माझं काम. पहिल्या दिवशी चित्र लागलं तशा बाई म्हणाल्या, "अगंबाई, टीव्ही किती छान दिसायला लागला." माझ्या अंगाचा तिळपापड झाला. राबायचं मी आणि छान दिसायचं त्यानं. त्याला रोज मऊ फडक्यानं पुसतात. माझ्या डोक्यावर किल्ल्या, चष्मा आणि नखं कापायचं कटर ठेवतात.

जळण्याची विद्या मी मालकांकडूनच घेतली. त्यांना एक धाकटा भाऊ आहे, सुतार. वडीलही सुतारच होते. मालक लिफ्टच्या कामाला लागले म्हणून वडिलांनी जाताना हत्यारांची पेटी धाकट्याला दिली. मालकांनी अकरा वर्षं त्याचं तोंड पाहिलं नाही. मालकीणबाई मात्र जावेकडे जाऊन-येऊन असायच्या. त्या तिकडच्या गोष्टी सांगायला लागल्या की मालक माझा आवाज वाढवायचे.

एकदा बाईंनी बातमी आणली. टीव्हीवाले धाकट्याच्या कारखान्यात येऊन गेले होते. जुन्या हत्यारांनी काम करणारा सुतार म्हणून त्याला दाखवणार होते. बुधवारी, पाच वाजता. जाऊबाईंनी दोघांना बोलावलं होतं.

"मी कशाला येऊ?" मालक म्हणाले. "रंधा मारणारा माणूस मी काय पाहिला नाही?"

बुधवारी बाई चार वाजता एकट्याच गेल्या. दार लागल्याबरोबर मालक माझ्यासमोर येऊन बसले. एका बोटानं टिकटिक करत पाच ते साडेपाच माझ्यावर लावलं. एकटे बघणार होते, वर पुन्हा पुन्हा बघायला टिपूनही ठेवणार होते. धाकट्याला नाही हो, पेटीला बघायचं होतं. जपलीय की गंजवलीय, तेवढंच त्यांना हवं होतं.

पाचला वीस मिनिटं कमी असताना फोन आला. जुन्या ओळखीच्या इमारतीत लिफ्ट अडकली होती, आत एक म्हातारी होती आणि नवा मेकॅनिक फोन उचलत नव्हता. मालक उठले, पिशवी घेतली. टीव्ही बंद केला. मग माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "आता तुझ्यावर आहे रे बाबा."

काय सांगू. चपटा बंद, मी चालू. मालकांना हवं ते जगात एकटा मीच बघणार होतो. छाती असती तर फुगली असती.

आणि निघता निघता मालकांनी भिंतीवरच्या बोर्डाचं बटण खटकन बंद केलं.

लिफ्टवाल्याची सवय. जागा सोडायची तर आधी मेन बंद. चाळीस वर्षांत तो हात कधी चुकला नव्हता, त्या दिवशीही नाही चुकला. मी ओरडणार तरी कशानं?

साडेसहाला ते परत आले. म्हातारी सुखरूप होती. हात ग्रीसनं काळे, तसेच आले आणि त्याच सवयीनं बटण लावलं. माझ्यात शोधलं. काहीच नव्हतं. मला नाही नाही ते बोलले. भंगार म्हणाले. टेबलावर घेऊन झाकण काढलं आणि ट्यूनरची पट्टी उपसून उजेडात धरली. चपट्याला मात्र कोणी हात लावला नाही. त्याला कसा लावतील.

तेवढ्यात बाई आल्या. टेबल पाहिलं आणि सगळं ओळखलं.

"आल्यावर बोर्डाचं बटण दाबावं लागलं का हो तुम्हाला?"

मालकांचा स्क्रूड्रायव्हर हवेतच राहिला. मग तो खाली ठेवत त्यांनी विचारलं, "पेटी दाखवली का?"

"दाखवली की."

"कशी होती?"

"मला काय कळतंय हत्यारांतलं. तुम्हीच जाऊन बघा."

मालकांनी स्क्रू हातात घोळवले, एक बसवला, पुन्हा काढला. मग बाईंकडे न बघता म्हणाले, "सकाळी घरी असतो का तो?"

दुसऱ्या दिवशी गेले ते दुपारी जेवून आले. मी तसाच उघडा पडून. हात धुताना बाईंना म्हणाले, "पटाशा बाबांच्या वेळेपेक्षा धारदार आहेत. त्याला सांगू नकोस."

आता धाकटा दर आठवड्याला येतो. दोघं आमच्याकडे पाठ करून बसतात आणि लाकडावरून भांडतात. चपटा बंद, मीही बंद. त्याच्याबद्दलचं माझ्या पोटातलं दुखणं थोडं कमी झालंय, आम्हा दोघांना सारखंच कोणी विचारत नाही.

पण आता नवीनच सुरू झालंय. धाकट्याला असाच डबा हवाय. टेबलावर मालक तो जुळवतात, बोट लावण्याआधी हात पुसतात. सगळं कोरं सामान, पंख्याचा आवाज म्हणून नाही. धाकट्यानं त्याला लाकडी पेटी केलीय, वडिलांच्या रंध्यानं गुळगुळीत केलेली. आणि मी इथे लिफ्टच्या रंगात.

धाकट्या, तुझ्या दादाला सांगता येत नाही म्हणून मी सांगतो. तो डबा जुळला की लगेच उचल आणि तुझ्या घरी ने, माझ्या डोळ्यांसमोर नको. तू मात्र येत जा.