भिंतीवरच्या सासूबाई

निजायच्या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. अर्धी इमारत लोटली होती आणि सगळ्यांचे डोळे कपाटामागून भिंतीवर वर चढलेल्या काळ्या डागाकडे लागले होते. वहिनीच्या मते तो हुबेहूब तिच्या दिवंगत सासूबाईंचा चेहरा होता. आत्याला मात्र तो इस्त्रीनं जळलेल्या शर्टासारखा दिसत होता. शेवटी वहिनीच्या सासूबाई म्हणजे आत्याची सख्खी आई; आईचं नाक ती ओळखत होती.

"आत्मा दुखावलाय," डाग उतरवायला बोलावलेले भिंतीबाबा डोळे मिटून म्हणाले. "खिडकी उघडलीत तर निसटेल आणि शेजारच्या घरात शिरेल!" शेजारी दोन पावलं मागे सरकले. "लेकीचा खोकलाही त्याचाच. काल सांगितलं तसा तो श्वासाचा पंप बंदच ठेवा. माझं तीर्थ पुरे."

त्यांनी भिंतीवर तीर्थ फवारलं, जप केला आणि डाग खरंच फिका पडला. लोकांनी हात जोडले.

"पण दर वेळी आठ दिवसांनी परत येतो हो," आत्याचा भाऊ, दादा, चाचरत म्हणाला.

"माया सुटत नाही!"

आत्याला हसू आवरत नव्हतं. तेवढ्यात भाचीच्या छातीतली शिट्टी ऐकू आली. पंप कालपासून बंद होता. आत्याचं डोकं सणकलं. तिनं पंप शोधून पोरीला दिला, तिला बाहेर बसवलं आणि आत येऊन बाबांच्या हातातली बाटली काढून घेतली. वास ओळखीचा होता. तिची उभी हयात लाँड्रीत गेली होती. तिनं आपल्या निळ्या रुमालावर दोन फवारे मारले. बघता बघता रुमालावर पांढरे ठिपके उमटले.

"बाबा, माझ्या रुमालातही आत्मा होता वाटतं! अहो, हे ब्लीच आहे. यानं डागाचा रंग उडतो, भिंतीतली ओल तशीच राहते. मग बुरशी परत येणारच."

बाबांना एकदम दुसऱ्या कुठल्यातरी भिंतीची आठवण झाली आणि ते निघाले.

कपाट ओढलं तर मागची भिंत गारढोण. पलीकडे न्हाणीघर, तिथला नळाचा सांधा ठिबकत होता. त्यात खिडकी लावून कपडे आतच वाळत घातलेले. नळवाल्यानं सांधा बदलला. आत्यानं नाकातोंडाला फडकं बांधून साबणाच्या पाण्यानं भिंत घासली, पंख्यानं खडखडीत वाळवली आणि कपाट वीतभर पुढे ठेवायला लावलं. महिना झाला, तरी सासूबाई फिरकल्या नाहीत.

"ताई," वहिनी हळूच म्हणाली, "शेवटी शेवटी मी त्यांच्यावर चिडायचे. वाटलं, त्याचाच राग काढताहेत."

आत्याला भरून आलं. "अगं, आईला रागवायचं असतं तर ती तोंडावर रागावली असती. आणि नातीचा श्वास कोंडणारी ती नव्हती. भिंत ओली दिसली तर नळवाल्याला बोलव, पोरीला धाप लागली तर डॉक्टरांकडे ने. आणि औषध बंद करा म्हणणाऱ्याला, तो कितीही मोठा असो, आधी विचार: का?"