जाड आवाजाची कॅसेट

मी एक कॅसेट. एरवी माझ्यातून दुसरीच बाई गाते. आज मी स्वतःबद्दल बोलतेय.

ती बाई अमेरिकेतली, तिथल्या कृष्णवर्णीयांचं 'सोल' संगीत गाणारी. आवाज जाड, गुळाच्या पाकासारखा. वर चढताना तो मध्येच फाटतो आणि ती ते झाकत नाही. मालोजीकाकांनी मला चेन्नईतल्या एग्मोरच्या दुकानातून अण्णा नगरला घरी आणलं, तेव्हा २००३ साल होतं. बाकीचे सीडी घेत होते.

काकांची पुतणी हरिप्रिया नववीत होती. तिचाही आवाज जाड. तिच्या गाण्याच्या टीचर अलमेलू मामी सगळ्या मुलींसाठी श्रुतिपेटी, म्हणजे आधारसूर देणारी पेटी, एकाच उंच पट्टीत लावत. तिथे पोचायला हरिप्रिया गळा चिमटून गायची. गाणं सोडायचं तिने जवळजवळ ठरवलंच होतं.

मग तिने मला ऐकलं. सवयीने मांडीवर ताल धरला आणि गोंधळली.

"काका, ही मागं पडते. ताल चुकते की."

"चुकत नाही गे. थांबते, मग येते. तुझ्या काकूसारखी."

"ऐकतेय मी," काकू आतून म्हणाल्या.

रोज शाळेतून आली की ती मला लावायची. इतक्यांदा, की एकदा प्लेअरने माझी फीत गिळली. काकांनी चुरगळलेला तुकडा कापून मला चिकटपट्टीने जोडलं. त्यात एक ओळ गेली. तिथे आलं की हरिप्रिया मला थांबवायची आणि ती ओळ स्वतः म्हणायची, गळा न चिमटता. चिकटपट्टी खुपायची, तरी मला बरं वाटायचं.

नवरात्रात घरी पायऱ्यांवर बाहुल्या मांडून गोलू सजला. गोलूपुढे प्रत्येकीने एक गाणं म्हणायचं, मगच सुंडल, म्हणजे प्रसादाची हरभऱ्याची उसळ, मिळणार. घरच्या मुलीचीही सुटका नाही. अलमेलू मामींनी पेटी सुरू केली.

"मामी, श्रुती खाली घ्या," हरिप्रिया हळूच म्हणाली.

"अजून खाली? पुरुषाची पट्टी होईल ती."

"माझी पट्टी आहे, मामी."

मामींनी कळ फिरवली. हरिप्रियाने मामींनी शिकवलेली देवीची नेहमीचीच कृती, म्हणजे कर्नाटकी गाणं, धरलं. वरच्या स्वरावर आवाज फाटला. बायका एकमेकींकडे बघू लागल्या. ती थांबली, मग पुढचा स्वर पूर्ण गळ्याने लावला.

सुंडल घेताना मामी म्हणाल्या, "शुक्रवारपासून एकटी ये. या पट्टीत सगळं पुन्हा बसवायला हवं."

आता प्लेअर बिघडलाय आणि मी कपाटावर पडून आहे. मला आठवण म्हणून जपू नका. तुमच्याकडे चालू प्लेअर असेल, तर घेऊन जा. घोगरी गाईन, पण गाईन.